काखमांजरी

मांजर आडवं गेलं तर काम होत नाही, असं आपल्याकडे मानतात. माझा यावर विश्वास नाही. आमच्या बँकेत मांजर आडवं न जाताही पुष्कळ कामं होत नाहीत. तिथं सर्व्हर आडवा गेला तरी पुरतं. पण मांजर आडवं न जाता घरातच मुक्कामाला राहिलं आणि एके दिवशी त्यानं पंजा पुढे केला तर काय होतं, हे कुठल्याही शकुनशास्त्रात लिहिलेलं नाही. ते लिहून ठेवायची पाळी माझ्यावर, म्हणजे एका बी. कॉम. झालेल्या बँक कारकुनावर आली आहे.

आम्ही वाशिमचे. वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाशिमचा माणूस ही माहिती परगावच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत देऊन टाकतो, कारण सहाव्या मिनिटाला तो परगावचा माणूस 'म्हणजे अकोल्याजवळच ना?' असं विचारणार असतो. १ जुलै १९९८ रोजी आमचा जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला खरा. पण वेगळी चूल मांडलेला धाकटा भाऊ अडीनडीला थोरल्याकडेच धावतो, तसं काही मोठं दुखणं निघालं की आम्ही अकोल्याची एसटी पकडतो. 'गुल्म' या शब्दाचा एक अर्थ गाठ, गोळा असाही आहे, हे शाळेत संस्कृतच्या सरांनी सांगितलं होतं. कॉमर्सला गेल्यावर मी ते विसरलो. ते पुन्हा आठवायची वेळ पंचेचाळिशी उलटल्यावर आली.

तर मांजर. वाशिम भागात सोयाबीन पिकतं आणि ते पिकवणारा प्रत्येक माणूस भाव वाढण्याची वाट पाहतो. आमच्या वाट्याला आलेल्या तुटपुंज्या शेताचे आठ-दहा कट्टे भाव वाढेपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत असतात. भाव वाढत नाही, उंदीर वाढतात. त्या उंदरांच्या मागावर एक मांजर घरात शिरलं आणि बँकेच्या वसुली अधिकाऱ्यासारखं पहिले चार दिवस कामाला लागून पाचव्या दिवशी झोपलं. मुलीनं तिचं नाव 'मनी' ठेवलं. माझ्या घरात आलेली आणि टिकलेली ही पहिलीच मनी.

या मनीनं सप्टेंबरात तीन पिलं दिली. कुठं, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, ज्या पेटीत विम्याच्या पॉलिसी, ठेवींच्या पावत्या आणि घरपट्टीच्या पावत्या ठेवलेल्या असतात, बरोबर त्यांच्यावर. माझ्या ठेवींवर एवढं उत्पन्न आजवर कुठल्याही बँकेनं दिलेलं नव्हतं. दोन पिलं शेजारीपाजारी गेली. तिसरं राहिलं. मनीचं पिलू, म्हणून मी त्याला 'व्याज' म्हणू लागलो. मुद्दलापेक्षा व्याज प्यारं, हे आई नातवंडांकडे बघून नेहमी म्हणते. ते मांजरांनाही लागू पडतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी मी विम्याची पावती शोधायला पेटी उघडली. व्याज पॉलिसीवर झोपलं होतं. मी पॉलिसी हळूच ओढली. झोपलेल्या माणसाखालून उशी काढली तर तो निदान शिवी देतो. व्याजनं माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर चार समांतर रेघा ओढल्या. लेजरमध्ये मीही इतक्या सरळ कधी ओढल्या नाहीत. थोडं रक्त आलं. मी हळद दाबली, शर्टाची बाही खाली केली आणि गप्प बसलो.

गप्प का बसलो, हे सांगायला हवं. लहानपणी आमच्या गल्लीत एकाला कुत्रं चावलं होतं. त्याला पोटात चौदा इंजेक्शनं दिली होती. प्रत्येक इंजेक्शनाला तो जे ओरडे ते पुढच्या चौकापर्यंत ऐकू येई. घरात मांजरीच्या नखांची गोष्ट निघाली असती, तर आमच्या हिनं मला त्याच पावली सरकारी दवाखान्यात नेलं असतं. तेव्हा मी माझ्या पोटाचा विचार केला. पोटातली ती इंजेक्शनं केव्हाच बंद झाली असून आता दंडावर देतात, हे मला ठाऊक नव्हतं. आणि विचारलं असतं, तर विचारण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

आठवड्याभरात त्या रेघेच्या टोकाशी एक लाल पुटकुळी आली. डास असेल म्हटलं. ती गेली. आणखी पंधरा दिवसांनी आंघोळीच्या वेळी डाव्या काखेत हाताला काही तरी लागलं. बोराएवढं. दाबलं तर दुखलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबून पाहिलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी ते सुपारीएवढं वाटलं. अंगात कणकण होती, जेवण जात नव्हतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी पांघरुणात मोबाइल उघडला. 'काखेत गाठ' एवढंच विचारलं. त्यानं पहिल्या पानावर मला क्षय दिला, दुसऱ्यावर कर्करोग दिला आणि तिसऱ्या पानावर मी जवळजवळ वारलो होतो. मधे एका ठिकाणी दहनविधीच्या सामानाची जाहिरातही आली.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगतो. ती विनोदी नाही. आमच्या बाबांना गाठ झाली होती. काखेत नव्हे, गळ्याला. सहा महिने ते गळ्यात उपरणं गुंडाळून हिंडले. 'थंडी आहे' म्हणायचे. वाशिमच्या मे महिन्यात! आम्ही सगळे ते मान्य करत होतो. उपरणं सुटलं तेव्हा उशीर झाला होता. ते गेले तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते आणि मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला. एका बँकेत त्यांच्या खात्यावर अकरा हजार रुपये होते आणि वारस म्हणून कोणाचंच नाव लावलेलं नव्हतं. त्या अकरा हजारांसाठी आई दीड वर्ष कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होती, कागदांची पिशवी घेऊन मी मागे. बँकेत नोकरी करावी, असं मला त्या पायऱ्यांवरच पहिल्यांदा वाटलं. खिडकीच्या आतल्या बाजूला पंखा होता.

तेव्हापासून काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी नॉमिनेशनचा फॉर्म भरायला लावतो. शाखेत त्याबद्दल माझी थट्टाही होते. पेन्शनर मंडळी मला बघितलं की दुसऱ्या खिडकीला जातात. यांच्यासमोर गेलं की हा आपल्या मरणाचाच विषय काढतो! पण दिव्याखाली अंधार. माझ्या स्वतःच्या चार खात्यांवर आणि दोन पॉलिसींवर काय होतं? लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर कोणी नाही. एकावर बाबा, म्हणजे जे या जगात नाहीत ते. उरलेल्या रकान्यांत स्वच्छ पांढरा कागद.

मला परवाच शेहेचाळिसावं लागलं होतं. मी दुसऱ्या दिवशी बँकेतून सहा कोरे फॉर्म घेतले.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कोणाला किती टक्के, हेही लिहिता येतं. एरवी या सुधारणेचं मी तोंड भरून कौतुक केलं असतं. पण दोन रात्री बसून आई, बायको, मुलगी आणि मुलगा यांच्यात मी स्वतःला टक्क्यांनी वाटत होतो. बेरीज शंभर व्हावी लागते. माझी एकदा एकशे पाच झाली. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या किमतीपेक्षा जास्त भरलो.

ते फॉर्म डब्याच्या पिशवीत राहिले आणि हिला सापडले.

"हे काय?"

"नॉमिनेशन."

"ते दिसतंय. सोळा वर्षं कानीकपाळी ओरडतेय तेव्हा नाही भरलंत. आज काय झालं?"

"नियम बदलला."

ही काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. बँकेचे ऑडिटर बरे. ते निदान प्रश्न विचारतात. तेवढ्यात आई आतून आली.

"मी चार दिवसांपासून पाहून रायली. डावा हात असा दुमता काहून धरून रायला तू? शर्ट काढ."

शेहेचाळीस वर्षांच्या माणसानं आईपुढं शर्ट काढला. तिनं काखेत दोन बोटं लावली आणि निकाल दिला. "काखमांजरी हाय हे. हाताले काई लागलं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

वाचकहो, या 'नाही'ची मला पुढं अकोल्यापर्यंतची धाव, दोन सुया आणि तीन आठवड्यांची झोप एवढी किंमत पडली. काखेत गळू आलं की त्याला काखमांजरी म्हणायचं, हा जुना मराठी शब्द. आणि हातापायाला जखम असली की त्या त्या बाजूच्या काखेत किंवा जांघेत अवधाण येतं, हे आईला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिनं नेमका तोच प्रश्न विचारला होता जो मोठमोठे डॉक्टर पहिला विचारतात. मी मात्र तिच्याशी खोटं बोललो. पोटातल्या इंजेक्शनांना भिऊन. आईनं जवसाचं पोटीस शिजवलं. तीन दिवस मी त्याचा वास घेऊन बँकेत बसलो. शिपाई म्हणाला, "साहेब, घरून चटणी आनली काय?"

गाठ हलली नाही. हिनं रजेचा अर्ज स्वतः लिहून माझ्यापुढं ठेवला.

आमच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, साखर पाहिली. सगळं ठीक. "हाताला जखम? काटा? काही चावलं?" "नाही." मग मालेगाव, पातूर करत आम्ही अकोल्याला. तिथं गाठीत बारीक सुई घालून पाणी काढलं. रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' असा शब्द आला. आपल्या देशात हा शब्द वाचला की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं आधी क्षय उभा राहतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. गाठीचा क्षय आपल्याकडे घरोघरी ऐकलेला. पण क्षयाच्या जंतूसाठी केलेली सीबीनॅट तपासणी कोरी आली. म्हणजे आता हिशेब लागेना.

तिथले डॉक्टर शांत माणूस होते. म्हणाले, "सहा महिन्यांची औषधं सुरू करायच्या आधी मी पुन्हा एकदा पहिल्यापासून विचारतो. घरात काही जनावर?"

मी तोंड उघडण्याआधीच मुलगी म्हणाली, "बाबांना व्याजनं बोचकारलं होतं. मी पाहिलं. बाबा म्हणाले आईला सांगू नको."

डॉक्टरांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "कर्ज किती आहे तुमच्यावर?"

व्याज म्हणजे मांजराचं पिलू, हा खुलासा हिनं केला. ज्या आवाजात केला तो आवाज मला अजून ऐकू येतो. डॉक्टरांनी माझा हात उजेडात धरला. चार रेघांच्या फिकट खुणा अजून होत्या. मग ते पहिल्यांदा हसले.

या रोगाला 'कॅट स्क्रॅच डिसीझ' म्हणतात, म्हणजे मांजराच्या ओरखड्याचा रोग. जंतूचं नाव बार्टोनेला हेन्सेली. मांजराच्या अंगावरच्या पिसवा हा जंतू एका मांजरातून दुसऱ्या मांजरात नेतात. पिसवांची घाण नखांत अडकते आणि नखं आपल्या अंगात. मोठ्या मांजरापेक्षा पिलांकडून धोका जास्त, कारण पिलांच्या रक्तात हा जंतू जास्त सापडतो आणि नखं आत घ्यायची अक्कल त्यांना उशिरा येते. पिलू स्वतः धडधाकट असतं. ओरखड्याच्या जागी तीन ते दहा दिवसांत पुटकुळी येते, पुढं एक ते तीन आठवड्यांत त्या बाजूची गाठ सुजते. हा मुख्यतः पोरासोरांचा रोग, म्हणून मोठ्या माणसाची गाठ बघितली की मांजर कोणाच्या मनात येत नाही. आणि मोठा माणूस तर स्वतःहून सांगतच नाही.

"पण हे सांगण्यासारखं काय होतं, डॉक्टरसाहेब? एवढंसं पिलू!"

"बँकेत हिशेब जुळला नाही तर तुम्ही काय शोधता?" ते म्हणाले.

मी गप्प झालो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून हातानं लिहायची लेजरं होती. बॅलन्स जुळला नाही की थोरले हेडक्लार्क सांगायचे: फरकाला नऊनं भाग जातो का बघ, जात असेल तर कुठं तरी आकड्यांची अदलाबदल झालीय. फरकाची निम्मी रक्कम शोध, ती चुकीच्या बाजूला पडली असेल. आणि यातलं काही नसेल तर सगळ्यात लहान व्हाउचर शोध. मोठी व्हाउचरं कोणी हरवत नाही. माझं हरवलेलं व्हाउचर चार रेघांचं होतं आणि ते मीच दाबून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी रक्त पुढं मोठ्या शहरात पाठवलं; आठवड्यानं तोच जंतू असल्याचं उत्तर आलं. पाच दिवसांच्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या. प्रकृती चांगली असलेल्या माणसाची गाठ बहुतेक वेळा दोन-चार महिन्यांत आपोआपही बसते, असं ते म्हणाले. मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना हा जंतू जास्त त्रास देतो, यकृतापर्यंतही जातो. मग त्यांनी मला खरं रागावून घेतलं. "मांजरानं ओरबाडून रक्त काढलं की पिसाळाचा धोका असतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. हळद नाही. पिलू अजून खेळतंय, म्हणून तुम्ही सुटलात. दहा दिवसांत जनावर मेलं असतं तर?" पोटातली चौदा इंजेक्शनं मी भीत भीत विचारली. त्यांनी दंडाकडे बोट दाखवलं. एवढ्याशा दंडासाठी मी सगळ्या घराचे टक्के करून बसलो होतो.

मग मी वाचलं. या वेळी दिवसा, आणि हिच्यासमोर बसून. या रोगाचं वर्णन पॅरिसच्या रॉबेर दब्रे या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५० साली प्रसिद्ध केलं. रोग सापडला, जंतू सापडेना. तो १९८३ साली अमेरिकेत दिसला, गाठीच्या तुकड्यांना चांदीच्या क्षाराचा रंग दिल्यावर. चांदी खर्च केल्याशिवाय फाइल हलत नाही, हा नियम तिकडेही आहे तर! बार्टोनेला हे कुळाचं नाव पेरू देशातल्या बार्टन नावाच्या डॉक्टरांवरून. पण मला आवडलं ते 'हेन्सेली'. १९९२ साली हे नाव दिलं गेलं ते ओक्लाहोमामधल्या डायन हेन्सेल या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंवरून. साहेबांवरून नव्हे, रोज नमुने हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यावरून! आमच्याकडे कर्मचाऱ्याचं नाव फक्त चुकलेल्या व्हाउचरला देतात.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तं पैल्याच दिवशी म्हनलं होतं, काखमांजरी हाय म्हून." आता काखमांजरी म्हणजे साधं पुवाचं गळू, आणि हा रोग वेगळा, हे मला कळतं. पण मांजरानं काखेत केलेल्या गाठीला काखमांजरी म्हणणाऱ्या बाईशी वाद घालायला बी. कॉम. पुरत नाही. पॅरिसला कळवायचं तेवढं तिच्याकडून राहिलं.

व्याजला घालवायचं का, यावर घरात बैठक बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मांजर ठेवा, पिसवा घालवा. जनावरांच्या डॉक्टरांकडून दोघांना पिसवांचं औषध आणलं, नखांची टोकं कापली, जखमेला चाटू द्यायचं नाही, खेळून झालं की हात धुवायचे, असे नियम झाले. पेटीला कुलूप लागलं. गाठ फेब्रुवारीच्या शेवटी बोराएवढी झाली आणि होळीपर्यंत हाताला लागेनाशी झाली. सोयाबीनचे कट्टे मात्र अजून तिथंच आहेत.

फॉर्मचं काय केलं? भरले. सगळे. हिनं टक्के तपासून एकशे पाचाचे शंभर केले. जादा पाच टक्के माझेच कापले, म्हणाली, तुम्ही त्या वेळी नसालच. बाबांचं नाव ज्या खात्यावर होतं, ते खोडताना पेन जरा अडखळलं. मग त्याच ओळीत आईचं नाव लिहिलं. त्या दीड वर्षाच्या पायऱ्या तिला पुन्हा चढाव्या लागणार नाहीत, एवढं तरी त्या चार रेघांनी केलं.

आता संध्याकाळी घरी आलो की आई दारातच विचारते, "आज हाताले काई लागलं काय?"

आणि मी खरं सांगतो. "हो आई. स्टेपलरची पिन."

ती जवस दळायला उठते.